छोटा डेस्कटॉप घेताना : रॅम आत, फायली बाहेर

प्रश्न : मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. सगळं काम फोटोशॉपमध्ये, पेन टॅब्लेटवर. अलीकडे छोटे माहितीपटही करायला लागले आहे. चित्रीकरण माझंच, संकलन प्रीमियर प्रोमध्ये, आणि निवेदन त्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसून रेकॉर्ड करते. लॅपटॉप जुना आहे : सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, विंडोज १०. लेयर वाढले की ब्रश हाताच्या मागे राहतो. नव्या कॅमेऱ्यातली फोर-के क्लिप टाइमलाइनवर अडखळते. टेबल लहान, म्हणून छोटा डेस्कटॉप घ्यायचं ठरवलंय. मैत्रीण म्हणते, डोळे मिटून अॅपलचा मॅक मिनी घे. भाचा म्हणतो, छोट्या कॅबिनेटमध्ये चांगलं ग्राफिक्स कार्ड घालून मी असेंबल करून देतो. एक सहकारी तळहाताएवढ्या मिनी पीसीचं कौतुक करतात. तिघांचंही पटतं आणि त्यामुळे काहीच ठरत नाही. शिवाय आत्ता घ्यावा की नवं मॉडेल येईपर्यंत थांबावं, हाही प्रश्न आहेच.

उत्तर : तिघांचं पटतं याचं कारण तिघेही आपापल्या कामापुरते बरोबर आहेत. मात्र त्यांच्यापैकी कुणी तुमची फाइल उघडून पाहिलेली नाही. तेव्हा डब्याचं नंतर बोलू, आधी फायलींचं.

एक संध्याकाळ जुन्या लॅपटॉपला द्या. तुमचं सगळ्यांत जड चित्र उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यातलं परफॉर्मन्सचं पान समोर ठेवून दहा मिनिटं नेहमीसारखं काम करा. मेमरीचा आलेख छताला टेकलेला आणि डिस्क सतत धडपडत असलेली दिसली तर रॅम अपुरी आहे. मेमरी निवांत आणि प्रोसेसर घामाघूम असेल तर दोष प्रोसेसरचा. मग हाच प्रयोग कॅमेऱ्याच्या क्लिपवर करा. दोन्ही वेळचं चित्र वेगळं दिसेल असा माझा अंदाज आहे, कारण तुमच्या दोन तक्रारी दिसायला एकसारख्या असल्या तरी दोन वेगळे आजार आहेत.

चित्राचं गणित कागदावर करता येतं. ए३ आकाराचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) घेतलं तर ३५०८ गुणिले ४९६१, म्हणजे सुमारे १ कोटी ७४ लाख पिक्सेल. तीन रंग आणि पारदर्शकता मिळून एका पिक्सेलला ४ बाइट. पूर्ण भरलेला एक लेयर म्हणजे साधारण ७० एमबी. असे ६० लेयर झाले की सव्वाचार जीबी. त्यात हिस्ट्रीतल्या मागच्या पायऱ्या आल्या, विंडोजचा स्वतःचा वाटा आला, शेजारी उघड्या ठेवलेल्या ब्राउझरचा आला. हेच पान ६०० डीपीआयला केलं तर आकडे चौपट, आणि १६ बिटमध्ये काम केलं तर पुन्हा दुप्पट. अर्धवट रिकाम्या लेयरला फोटोशॉप तेवढी जागा देत नाही हे खरं, पण ८ जीबीत हा संसार मावत नाही. उरलेलं फोटोशॉप डिस्कवरच्या तात्पुरत्या, म्हणजे स्क्रॅच, फाइलमध्ये टाकत राहतं, आणि ती ने-आण सुरू असताना ब्रश मागे राहतो. म्हणजे तुमच्या चित्रकामाला हवी आहे भरपूर रॅम आणि एकेका कोरचा (प्रोसेसरमधल्या गणकाचा) चांगला वेग. मोठं ग्राफिक्स कार्ड इथे बहुतेक वेळ बसून राहील.

आता क्लिपचं. तुम्ही कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलेलं नाही, पण ‘नव्या कॅमेऱ्यातली’ क्लिप अडखळते या एका शब्दावरून मला शंका येते. मीडियाइन्फो नावाचा छोटा, फुकट प्रोग्रॅम घ्या आणि त्यात ती क्लिप टाका. तिथे कोडेक (व्हिडिओ आवळण्याची पद्धत), बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई) आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची किती माहिती ठेवली) अशा नोंदी दिसतील. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, १० बिट आणि ४:२:२ असं दिसलं तर तुमच्या खरेदीचा अर्धा निर्णय तिथेच झाला.

हे ४:२:२ काय प्रकरण आहे? व्हिडिओत प्रत्येक पिक्सेलचा उजेड पूर्ण नोंदवतात, पण रंगाची माहिती कमी करून ठेवतात, कारण डोळा रंगातली काटकसर फारशी पकडत नाही. ४:२:० मध्ये रंगाची माहिती पाव असते, ४:२:२ मध्ये निम्मी. रंग नंतर ताणायचे असतील, म्हणजे कलर ग्रेडिंग करायचं असेल, तर ४:२:२ बरं पडतं, म्हणून नवे कॅमेरे ते देतात. कॅमेऱ्यातला व्हिडिओ घट्ट आवळलेला असतो आणि टाइमलाइनवर दिसण्यासाठी तो प्रत्येक क्षणी उलगडावा लागतो. त्यासाठी आजच्या चिपमध्ये खास वेगळं सर्किट असतं. पण ते सर्किट प्रत्येक चिपमध्ये प्रत्येक प्रकार उलगडू शकेल असं नाही. नसेल तर सगळा भार साध्या कोरवर पडतो, आणि प्लेहेड (टाइमलाइनवर सरकणारी रेघ) ठेचकाळतो.

खरी गंमत पुढे आहे. १० बिट ४:२:२ चा एच.२६५ उलगडण्याची सोय इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये साधारण अकराव्या पिढीपासून आहे. अॅपलच्या एम मालिकेतल्या चिपमध्ये आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ती २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. त्याआधीच्या ४० मालिकेतल्या सगळ्यांत महागड्या कार्डातही ती नाही. एएमडीच्या २०२५ पर्यंतच्या चिपमध्येही नाही. म्हणजे भाच्याने मोठ्या प्रेमाने ४० मालिकेतलं दणकट कार्ड बसवून दिलं, आणि प्रोसेसर नावापुढे ‘एफ’ असलेला निवडला, तर तुमची क्लिप तिथेही अडखळेल. ‘एफ’वाल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्सच बंद असतं, म्हणून ते थोडे स्वस्त पडतात आणि असेंबल करणारे ते आवर्जून घेतात. खेळांसाठी अगदी योग्य. तुमच्यासाठी मात्र नेमका उपयोगाचा भाग गाळलेला.

क्लिप साधी ८ बिट ४:२:० निघाली तर हा सगळा पेच सुटला. तशी फाइल आजचा कुठलाही बरा चिप सहज चालवतो, आणि तुम्ही पुढचं सगळं अधिक मोकळेपणाने ठरवू शकता.

आणखी एक. नवं यंत्र येईपर्यंत (आणि आल्यावरही) प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, वापरायला हरकत नाही. प्रीमियरमध्ये क्लिप निवडून प्रॉक्सी तयार करायला लावायच्या. रात्रभर लॅपटॉप त्या करत बसेल, सकाळी तुम्ही हलक्या प्रतींवर कापाकापी कराल, आणि एक्स्पोर्ट मूळ फायलींवरून होईल. ‘खरे संकलक प्रॉक्सी वापरत नाहीत’ असा एक बाणेदार समज पसरलेला आहे. त्याकडे लक्ष देऊ नका. मोठमोठी कामं वर्षानुवर्षं अशाच हलक्या प्रतींवर कापली गेली आहेत.

आता डब्यांकडे येऊ.

मॅक मिनीचं सध्याचं रूप नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आलं : १२.७ सेंटिमीटर चौरस, उंची ५ सेंटिमीटर, एम४ किंवा एम४ प्रो चिप. पॉवर सप्लाय आतच असल्यामुळे खाली अॅडॉप्टरची वीटही लोळत नाही. रॅम किमान १६ जीबी. साध्या एम४ ला ३२ पर्यंत, प्रोला ६४ पर्यंत. तुमच्या कामाला प्रो नको. तुम्ही फोर-केचे चार-पाच थर एकावर एक चढवत नाही, थ्रीडीचा तर पत्रात उल्लेखही नाही. त्या पैशात रॅम वाढवा. मात्र ती घेतानाच वाढवायची, कारण चिपच्या अंगालाच जोडलेली असल्यामुळे नंतर कुणालाही वाढवता येत नाही. आणि एक बारीक गोष्ट : ही १६ जीबी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची सामाईक असते. कागदावर दिसते तेवढी सगळी फोटोशॉपच्या वाट्याला येत नाही. म्हणून तुमच्यासाठी मी २४ ला किमान म्हणेन आणि परवडत असेल तर ३२ ला पसंती देईन.

मॅक मिनीच्या कुरबुरीही सांगतो. जुन्या चौकोनी यूएसबीचं एकही तोंड त्याला नाही : पुढे दोन आणि मागे तीन, सगळी टाइप-सी. तुमचा पेन टॅब्लेट आणि माइक जुन्या केबलचे असतील तर हब लागेल. कॅमेऱ्याच्या कार्डासाठी खाच नाही, रीडर लागेल. ती खाच मॅक स्टुडिओला समोरच आहे, पण निव्वळ खाचेसाठी तेवढं मोठं यंत्र घेऊ नये. पॉवरचं बटण तळाला आहे, याची लोकांनी पुष्कळ चेष्टा केली. प्रत्यक्षात मॅक कोणी रोज बंद करत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यानंतर ते बटण आठवणारही नाही. मॅकला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याची सोय एम मालिकेपासून गेली, पण ती तुम्हाला लागणार नाही.

विंडोज सोडून जायची भीती वाटत असेल तर तेही तपासू. अॅडोबीचं तुमचं सदस्यत्व दोन्हीकडे चालतं, दोन यंत्रांवर नोंदवून ठेवता येतं (वापर मात्र एका वेळी एकावरच), आणि त्यातलं एक विंडोज आणि एक मॅक असलं तरी हरकत नसते. अडचण येते ती कडेच्या गोष्टींत. पेन टॅब्लेट जुना असेल तर त्याचा ड्रायव्हर आजच्या मॅकओएसला मिळतो का, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर आधी बघा. तुमच्या बाहेरच्या हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतील तर मॅक त्या वाचेल, पण मूळच्या सोयीने त्यांवर लिहू शकणार नाही. दोन्हीकडे लिहायचं असेल तर एक्सफॅट पद्धतीचं फॉरमॅट लागतं. आणि कंट्रोलच्या जागी कमांड दाबायची बोटांची सवय लागेपर्यंत दोन-तीन आठवडे स्वतःचाच राग येतो. ब्रशचे शॉर्टकट बोटांत मुरलेले असतात ना, तिथे जास्त.

सहकाऱ्यांचा मिनी पीसी ही जातही वाईट नाही. इंटेलने एनयूसी नावाने हा प्रकार रुळवला, जुलै २०२३ मध्ये त्यातून अंग काढून घेतलं आणि पुढचं काम आसुसकडे गेलं. त्याखेरीज आज हे डबे कितीतरी कंपन्या काढतात. आत बहुतेक वेळा लॅपटॉपचीच चिप असते. फरक एवढाच, की लॅपटॉपपेक्षा तिला श्वास घ्यायला किंचित जास्त जागा मिळते. निवडताना चिपच्या नावावर भाळू नका, कारण एकच चिप एका डब्यात २८ वॉटवर आणि दुसऱ्यात ६५ वॉटवर चालवलेली असू शकते. नाव तेच, वीस मिनिटांच्या एक्स्पोर्टला लागणारा वेळ वेगळा. परीक्षणं वाचताना चाचणी अर्ध्या मिनिटाची होती की अर्ध्या तासाची, एवढं जरूर पाहा. छोट्या डब्याची परीक्षा पहिल्या मिनिटात होत नसते. आतला धातू तापल्यावर वेग किती टिकतो, त्यात होते.

मिनी पीसीतला दुसरा सापळा रॅमचा. काहींमध्ये लॅपटॉपच्या रॅमच्या दोन खाचा असतात आणि रॅम नंतर बदलता येते. काहींमध्ये ती बोर्डवर डिंकवल्यासारखी पक्की. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर ती चिपच्याच पाकिटात असते, १६ किंवा ३२, पुढे काही नाही. आणि खाचा असलेल्या डब्यांतही विक्रेते पुष्कळदा रॅमची एकच काडी बसवून देतात. अंगच्या ग्राफिक्सला मेमरीतूनच माल मिळतो. एक काडी म्हणजे त्याचा रस्ता अर्धा अडवलेला. १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या, आणि तुम्हाला १६ च्या दोन घ्यायच्या आहेत. ‘सध्या कमी घेऊ, पुढे वाढवू’ हा हिशोब एरवी शहाणपणाचा असतो, पण २०२५ च्या अखेरीला मेमरीच्या चिपचे भाव जगभर चढले, तेव्हा पुढे स्वस्त मिळेल यावर विसंबू नका.

विंडोजवरच राहायचं ठरलं तर तुमच्यासाठी चांगला मिनी पीसी असा : इंटेलची अलीकडची चिप (ती ४:२:२ ची गोष्ट लक्षात आहे ना), रॅमच्या दोन खाचा, एम.२ (पट्टीसारख्या) एसएसडीसाठी दोन जागा, मागे निदान एक थंडरबोल्ट किंवा यूएसबी४, म्हणजे वेगवान टाइप-सीचं तोंड. कंपनी अशी, की दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलच्या बायोसचे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे) अपडेट तिच्या संकेतस्थळावर आजही सापडतात. हे शेवटचं पाच मिनिटांत तपासता येतं आणि कंपनी किती दिवस सोबत करणार आहे, याचा चांगला अंदाज देतं.

भाच्याच्या प्रस्तावाला नकार देताना त्याचं मन दुखवू नका, कारण प्रस्ताव चांगलाच आहे, फक्त तो दुसऱ्या कुणासाठी आहे. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये रेंडर करणारा, खेळांसाठी मॉडेल घडवणारा, किंवा पाच वर्षांनी नुसतं कार्ड बदलून यंत्र पुन्हा ताजं करू इच्छिणारा माणूस असता तर मी त्याचीच बाजू घेतली असती. छोट्या कॅबिनेटसाठीचा मिनी-आयटीएक्स बोर्ड १७ सेंटिमीटर चौरस असतो, पण त्यात जाडजूड कार्ड आणि पॉवर सप्लाय घातला की कॅबिनेट दहा लिटरच्या आसपास जातं. मॅक मिनी पाऊण-एक लिटरचा. तुमच्या टेबलाला हा फरक जाणवेल. त्यातून तो असेंबल केलेलाच घेण्यावर तुमचं मन बसलं, तर भाच्याला दोन अटी घाला : प्रोसेसर ‘एफ’चा नको, आणि कार्ड घ्यायचंच तर ५० मालिकेतलं. तो दोन्ही ऐकून चकित होईल.

आवाजाबद्दल तुम्ही पत्रात फक्त अर्धं वाक्य लिहिलं आहे, पण मला तुमच्या गरजांमधली ती सगळ्यांत कठीण वाटते. चित्र आणि संकलन जरा हळू झालं तर चालतं. निवेदनाखाली पंख्याची घरघर आली तर ती काढता काढता आवाजाचा जीव जातो. नॉइज रिडक्शनने ती पुसता येते, पण सोबत आवाजाची धारही पुसली जाते. छोट्या डब्यात पंखाही छोटा असतो, आणि तेवढीच हवा ढकलायला त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं. म्हणून त्याचा आवाज नुसता मोठा नसतो, चिरका असतो, आणि माणसाच्या आवाजाच्या पट्टीत येऊन बसतो. या एका बाबतीत मॅक मिनी बहुतेक मिनी पीसींपेक्षा सरस आहे. साध्या कामात त्याचा पंखा जवळजवळ ऐकू येत नाही. मिनी पीसी घेतलात तर बायोसमध्ये किंवा कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये शांत मोड असतो. रेकॉर्डिंगपुरता तो लावायचा. एका माणसाचं निवेदन टिपायला प्रोसेसरला काहीच कष्ट पडत नाहीत, तेव्हा वेग कमी झाल्याचं कळणारही नाही.

जागेचाही उपयोग करून घ्या. तुमचा माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, असेल (बहुतेक असतोच) तर त्याला पाठीमागचं सगळ्यांत कमी ऐकू येतं. डबा माइकच्या पाठीच्या दिशेला, जमेल तेवढा लांब ठेवा, आणि माइकचा स्टँड ज्या फळीवर आहे त्याच फळीवर ठेवू नका. थरथर लाकडातून चढते. मिनी पीसी मॉनिटरच्या पाठीला व्हेसा पट्टीवर स्क्रूने बसवता येतात, टेबल मोकळं होतं, पण मग पंखा नेमका तुमच्या तोंडासमोर येतो. बंद ड्रॉवरमध्ये कोंडायचा मोह टाळा. मॅक मिनी हवा तळातूनच आत घेतो आणि तळातूनच बाहेर सोडतो, त्यामुळे त्याच्याखाली टेबलक्लॉथ किंवा मऊ चटई नको.

साठवणीचं उलट आहे. ती आत कमी घेतली तरी चालते. मॅक मिनीची सुरुवात २५६ जीबीपासून आहे. सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि फोटोशॉपची स्क्रॅच यांसाठी ५१२ घ्या आणि तिथे थांबा. कंपनी आतल्या जागेचे जे पैसे लावते, त्यात बाहेर कितीतरी जास्त जागा मिळते. तुमचा कॅमेरा १०० मेगाबिटने लिहीत असेल तर तासाचे ४५ जीबी होतात. एवढ्या प्रवाहाला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट पुरतात, म्हणजे १० गिगाबिटच्या साध्या बाहेरच्या एसएसडीवरून संकलन आरामात होतं. दोन टीबीची एक घ्या. खोक्यावर ‘२० गिगाबिट’ लिहिलेली घेऊन उपयोग नाही. मॅकवर त्या १० नेच चालतात. खूप वेग हवाच असेल तर ४० गिगाबिटची, यूएसबी४ किंवा थंडरबोल्टवाली. केबल सोबत आलेलीच वापरा, कारण टाइप-सीची सगळी तोंडं सारखी दिसतात आणि चार्जिंगची केबल लावली की तीच एसएसडी रांगायला लागते.

बॅकअपसाठी निराळी, साधी, फिरती हार्ड डिस्क. कामाची एसएसडी हाच बॅकअप समजणाऱ्यांची पत्रं मला येतात. ती वाचवत नाहीत.

लॅपटॉपवरून डेस्कटॉपवर येताना एक गोष्ट हमखास विसरली जाते : याला बॅटरी नाही. वीज गेली की शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं गेलं. छोटा यूपीएस घ्या आणि त्यात डबा, मॉनिटर आणि बाहेरची एसएसडी तिन्ही जोडा. हे डबे वीज फार कमी खातात, त्यामुळे छोटा यूपीएसही फाइल सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ देतो.

मॉनिटरला मात्र हात आखडू नका. तुमची चित्रं छापली जातात आणि जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर बसून तुम्ही आजवर कोणते रंग निवडलेत, हे खरं तर तुम्हालाही नीट माहीत नसणार, कारण साधे लॅपटॉप-पडदे एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यातले सगळे रंगही दाखवत नाहीत. २७ इंची, फोर-के, आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा), एसआरजीबी पूर्ण आणि पी३ या अधिक रुंद रंगपट्ट्याचा बराचसा भाग दाखवणारा बघा. मॅक घेणार असाल तर २७ इंचाला १४४० रेषांचा टाळाच. मॅकओएस त्यावर अक्षरं तितकी रेखीव काढत नाही. छपाईच्या कामासाठी पडद्याचा उजेड ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान ठेवतात. दुकानातून आलेला पडदा त्याच्या दुपटीने भगभगीत असतो, आणि ‘पुस्तकात चित्रं काळवंडली’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. कॅलिब्रेशनचं यंत्र विकत घेणं जड वाटलं तर एखाद्या छायाचित्रकाराकडून दोन दिवस मागून आणा.

थांबावं का? मॅक मिनीचा एम१ नोव्हेंबर २०२० मध्ये आला, एम२ जानेवारी २०२३ मध्ये, एम४ नोव्हेंबर २०२४ मध्ये. एम३ कधी आलाच नाही. या तारखांत मला वेळापत्रक दिसत नाही, तुम्हाला दिसलं तर कळवा. तुमच्या लॅपटॉपचं मात्र वेळापत्रक ठरलेलं आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. तुमचा सातवा. पुस्तकाची कामं ज्या यंत्रावर आहेत, ते सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना इंटरनेटवर चालवत राहणं बरं नाही. हातातलं काम संपलं की घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर साधा एम४ मॅक मिनी, ३२ जीबी, ५१२ एसएसडी, बाहेर दोन टीबी, आणि उरलेलं सगळं मॉनिटरवर. पेन टॅब्लेटचा ड्रायव्हर मॅकला नसेल, किंवा विंडोज सोडायचंच नसेल, तर वर सांगितलेला दोन खाचांचा इंटेल मिनी पीसी, ३२ जीबीसह. त्यात तुमचं काही बिघडणार नाही, फक्त पंख्याची जास्त काळजी घ्यावी लागेल.

घेताना परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे हे विचारून घ्या आणि त्या मुदतीत यंत्राला तुमचंच काम द्या. सगळ्यांत जड चित्र उघडा आणि सगळ्यांत मोठ्या ब्रशने गोल गोल फिरवा. सगळ्यांत लांब माहितीपट एक्स्पोर्टला लावा, तो चालू असताना माइक नेहमीच्या जागी ठेवून दोन मिनिटं काहीही न बोलता रेकॉर्ड करा, आणि ते रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐका. एक्स्पोर्टच्या वेळचा आवाज म्हणजे त्या पंख्याची कमाल. तो खपण्यासारखा असेल तर बाकी वेळी प्रश्नच नाही. नसेल तर मुदत संपायच्या आत परत करा. आणि ब्रश, अॅक्शन, फॉन्ट नव्या यंत्रावर नीट उघडल्याची खात्री होईपर्यंत जुना लॅपटॉप फॉरमॅट करू नका, भाच्याने कितीही आग्रह केला तरी.